परत करायची भांडी

डिम्प्नाला पुरून आलो त्या दुपारी
फर्गलच्या ओट्यावर अकरा भांडी होती.
प्रत्येकाच्या बुडाशी चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव:
बोहन. मल्व्ही. गिलरेन, खालच्या रस्त्याचे.
कारण वरच्या रस्त्यावरही गिलरेन आहेत
आणि त्यांचं आपसात बोलणं नाही.

माझं होतं निळं, बिडाचं, एक कान तुटलेलं.
आत मटणाचा रस्सा, बार्ली घालून.
गाजर नाही घातलं.
डिम्प्ना म्हणायची, गाजर पडलं
की रस्सा गोड बोलायला लागतो,
आणि गोड बोलणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता.

लिट्रिममध्ये दुःखावर कोणी फार बोलत नाही.
दार ढकलायचं, भांडं ठेवायचं,
"पाऊस थांबेलसं दिसत नाही" म्हणायचं,
नको नको करत दोन कप चहा प्यायचा
आणि निघताना त्याच्या खांद्याला हात लावायचा,
गाईला लावतो तसा, न बिचकवता.

पंधरवडाभर तो तेच खात असणार.
कोबी घालून घोटलेला बटाटा, मधोमध लोण्याची विहीर.
खारवलेलं डुकराचं मांस, जाड काप.
सॉसेज न् कांदा एकाच पाण्यात रटरटलेले,
दिसायला आजारी,
चवीला मात्र कुणीतरी आपल्यासाठी
जागं राहिल्यासारखे.

मग भांडी परत येईनात.
नाताळ गेला. सेंट ब्रिजिडचा दिवस गेला.
मिसेस मल्व्हीला तिचं मोठं पातेलं हवं होतं,
पण विधुराकडे पातेलं मागायचं कसं?
शेवटी पॅकी बोहननं खिडकीतून पाहिलं:
सगळी घासलेली, पुसलेली,
टेबलावर ओळीनं पालथी.
आणि फर्गल समोर बसलेला,
परीक्षेला बसावं तसा.

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं.
त्याच्या आईनं कधी दिलं नव्हतं, डिम्प्नानं तर नाहीच.
आणि त्याला येत होतं फक्त अंडं उकडायला,
तेही कधी दगड, कधी पाणी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री तो माझ्या दारात.
खिशात बटाटे, हातात तिची वही.
म्हटलं, अर्धे उकडून कुस्कर, अर्धे कच्चे किस.
कीस फडक्यात घालून पीळ, पण पाणी फेकू नकोस,
तळाशी पांढरं बसतं ते परत घे, तेच धरून ठेवतं.
मग ताक, सोडा. तवा तापू दे.
पहिली बॉक्स्टी तव्याचीच, ती मोजू नकोस.

तो ऐकत होता. मग वही पुढे केली.
"पीठ, चार मुठी," त्यानं वाचलं,
"पण कुणाच्या मुठी?"
आणि दिव्याखाली आपला हात उघडला,
कुंपणाचे खांब ठोकून ठोकून
फावड्याएवढा झालेला.

मी त्या हाताकडे पाहिलं.
तिचा आठवला, लहानसा, अंगठी साबणानं सैल झालेला.
म्हटलं, तिच्या चार म्हणजे तुझ्या अडीच.
त्यानं पेन्सिल मागितली.
चार खोडले नाहीत.
शेजारी लिहिलं: माझ्या अडीच.

त्यानंतर ट्रॅक्टरवरून भांडी निघाली,
आठवड्याला एक, कधी दोन.
घासताना चिकटपट्ट्या गेल्या होत्या,
म्हणून खालच्या गिलरेनांचं पातेलं वरच्या रस्त्याला गेलं,
आणि चौदा वर्षांनी त्या दोघी जावा फाटकाशी उभ्या दिसल्या.
बोलत होत्या की भांडत होत्या, लांबून कळलं नाही.

माझं निळं सगळ्यात शेवटी आलं, ईस्टरच्या आधी.
आत फडक्यात गुंडाळलेल्या सहा,
एका बाजूनं करपलेल्या, अजून ऊन.
मी उभ्या उभ्याच एक मोडली, लोणी लावलं.
मीठ विसरला होता.
सांगितलं नाही.

तो दारातच घुटमळला, टोपी हातात,
डोंगराकडे बघत म्हणाला,
"थांबेलसं दिसत नाही."
"नाहीच," मी म्हटलं, आणि किटली ठेवली.